सार्वजनिक दुखवटा आणि बंद कचेऱ्या

२०२४ सालच्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस तीन दिवसांच्या अंतरानें दोन वृद्ध लोकनेते हें जग सोडून गेले. ता. २६ रोजीं रात्रीं दिल्लीस भारताचे माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग वयाच्या ९२ व्या वर्षीं निवर्तले, आणि ता. २९ रोजीं अमेरिकेच्या जॉर्जिया संस्थानांतील प्लेन्स नांवाच्या लहानशा गांवीं त्या देशाचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनीं वयाचीं शंभर वर्षें पुरीं करून देह ठेवला. दोन्ही देशांत सरकारी रीतीनें दुखवटा पाळण्यांत आला. अमेरिकेंत ता. ९ जानेवारी २०२५ हा दिवस राष्ट्रीय शोकदिन ठरवून त्या दिवशीं मध्यवर्ती सरकारच्या कचेऱ्या बंद ठेवण्याचा हुकूम अध्यक्ष बायडन यांनीं काढला. टपालाचें नित्याचें वाटप थांबलें आणि न्यूयॉर्कचे शेअरबाजारही त्या दिवशीं मिटले. आपल्याकडे सात दिवसांचा दुखवटा जाहीर झाला, निशाणें अर्ध्या काठीवर उतरलीं, आणि अंत्यविधीच्या दिवशीं, म्हणजे ता. २८ डिसेंबर रोजीं, मध्यवर्ती सरकारच्या कचेऱ्यांस अर्ध्या दिवसाची सुटी देण्यांत आली. तो दिवस शनिवारचा होता. आणि मध्यवर्ती सरकारच्या पुष्कळशा कचेऱ्या १९८५ सालापासून शनिवारीं बंदच असतात. मिटलेल्या दाराला पुन्हां मिटण्याचा हुकूम झाला, इतकेंच.

थोर मनुष्याच्या मृत्यूचा शोक सरकारनें करावा कीं नाहीं, हा आमचा प्रश्न नव्हे. तो करावा, यांत आम्हांस शंका वाटत नाहीं. प्रश्न एवढाच कीं, जो नेता अधिकारावरून उतरून कित्येक वर्षें झालीं, त्याच्या मृत्यूचा शोक प्रकट करण्यासाठीं लोकांच्या कामाचीं दारें मिटणें उचित आहे काय? असा प्रश्न काढणें म्हणजे चितेच्या उजेडांत हिशेबाची वही उघडण्यासारखें आहे, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. त्यांच्या मनाचा हळवेपणा आम्हांस कळतो. परंतु चितेची धग विझल्यावर, कोणाच्याही दुःखावर डागणी न बसेल अशा वेळीं, हा विचार केव्हां तरी केलाच पाहिजे; कारण पुढचा हुकूम निघेल तेव्हां विचाराला सवड राहणार नाहीं.

अमेरिकेंतील ही चाल आतां चांगलीच रुळलेली आहे. निक्सन यांच्यासाठीं १९९४ सालची ता. २७ एप्रिल, रेगन यांच्यासाठीं २००४ सालची ता. ११ जून, फोर्ड यांच्यासाठीं २००७ सालची ता. २ जानेवारी आणि थोरले बुश यांच्यासाठीं २०१८ सालची ता. ५ डिसेंबर, असे दिवस कचेऱ्या मिटून पाळले गेले. निशाण तर अध्यक्षाच्या किंवा माजी अध्यक्षाच्या मृत्यूनंतर तीस दिवस अर्ध्या काठीवर राहतें. तो नियम आयझेनहौअर यांनीं १९५४ सालीं घालून दिला. कार्टर यांच्यासाठीं काढलेल्या हुकुमांत एक अपवादाचें कलम होतें. राष्ट्राच्या संरक्षणासाठीं किंवा लोकांच्या अन्य गरजेसाठीं ज्या कचेऱ्या चालू राहणें अवश्य वाटेल त्या खातेप्रमुखांनीं चालू ठेवाव्या, असा त्याचा आशय होता. हें कलम आम्हांस बोधप्रद वाटतें. कांहीं कामें थांबवितां येत नाहींत, अगदीं शोकासाठींही थांबवितां येत नाहींत, ही कबुली त्यांत आहे. मग जीं कामें थांबवितां येतात असें ठरलें, तीं कोणाच्या दृष्टीनें थांबण्याजोगीं ठरलीं? करणाराच्या कीं ज्याचें काम अडलें आहे त्याच्या?

त्याचें उत्तर शोधण्यापूर्वी या चालीच्या बाजूनें जें बोलतां येतें तें पुरतें ऐकून घेणें न्यायाचें होईल, आणि तें थोडें नाहीं. पहिली गोष्ट अशी कीं, राज्य ही वस्तु अमूर्त आहे. तिला डोळे नाहींत कीं त्यांतून पाणी यावें. तिला कंठ नाहीं कीं तो दाटून यावा. तिचें बोलणें कृतीनें व्हावयाचें. रोज अव्याहत चालणारें जातें एक दिवस थांबलें, म्हणजे तें ऐकण्याची संवय झालेल्या कानांस त्या स्तब्धतेंतूनच कांहीं तरी कळतें. दुसरी गोष्ट, ज्यांनीं त्या नेत्याविरुद्ध मतें दिलीं, ज्यांनीं त्याच्यावर हयातभर टीका केली, त्यांनाही हा थांबा समान बांधून घेतो. पक्षाचें भांडण दाराबाहेर राहतें. तिसरी गोष्ट मुलांची. आज बाबा घरीं कसे, असें मुलानें विचारलें म्हणजे त्याला एक नांव सांगावें लागतें, आणि त्या नांवाबरोबर देशाच्या इतिहासाचें एखादें पान उघडतें. ज्या समाजाला आपल्या मृतांसाठीं एक दिवस थांबतां येत नाहीं तो जिवंतांचीही फारशी बूज राखीत नसावा, असें कोणी म्हटलें तर त्याला केवळ भाबडा म्हणून बाजूस सारतां येणार नाहीं.

हें सर्व मान्य करूनही आम्हांस असें वाटतें कीं, या विचारसरणींत एक पायरी गाळलेली आहे. थांबणें हें शोकाचें लक्षण खरें. परंतु शोकाच्या प्रसंगीं कोणीं थांबावयाचें आणि कोणीं चालत राहावयाचें, हें आपल्या घरगुती रीतिरिवाजांत फार विचारपूर्वक ठरलेलें आहे. गल्लींत कोणाकडे मृत्यु झाला तर प्रेत उचललें जाईपर्यंत शेजारच्या घरांत चूल पेटत नाहीं. ही रीत कोणीं हुकुमानें घालून दिलेली नाहीं. तशा वेळीं फोडणीचा वास सुटणें मनालाच नको वाटतें. पण मंडळी स्मशानांतून परतण्याच्या सुमारास त्याच शेजारच्या चुली पेटतात. ज्या घरीं दुःख झालें तेथें त्या दिवशीं रांधावयाचें नसतें, आणि तेथील पोरांबाळांस कोणी तरी जेवूं घातलें पाहिजे. पिठलें-भात शेजारून येतो. सोयरेधायरे कडू घास घेऊन येतात. कोणी नातेवाइकांस निरोप पोंचवितो, कोणी गुराढोरांस वैरण घालतो, कोणी म्हाताऱ्या आईच्या औषधाची वेळ सांभाळतो. दुःखी घराला हातपाय गाळून बसण्याचा अधिकार आहे. परंतु तो अधिकार टिकतो शेजाऱ्याच्या राबण्यावर. शेजारीही दार लावून बसला तर त्याचा शोक कितीही खरा असला तरी दुःखी घराला त्या दिवशीं उपास घडेल.

आतां विचार असा कीं, लोकनेता वारला असतां सरकारी कचेरी हें दुःखी घर समजावयाचें कीं शेजारचें घर? आमचें उत्तर असें कीं, दुःखी घर तें लोकांचें. त्या नेत्यावर ज्यांनीं विश्वास टाकला, ज्यांच्या आयुष्यांत त्याच्या एखाद्या निर्णयानें फरक पडला, तीं माणसें शोकग्रस्त आहेत. कचेरी ही त्यांच्या सेवेसाठीं मांडलेली चूल आहे. त्या कचेरींत बसणारा कारकून माणूस आहे, त्यालाही शोक होईल आणि व्हावा; परंतु कचेरी या नात्यानें तिचें स्थान शेजाऱ्याचें आहे. प्रेत उठेपर्यंत तिनें चूल पेटवूं नये, येथवर आम्ही खुषीनें जाऊं. त्यापुढें मात्र तिची चूल पेटलेलीच बरी.

आपल्या धर्मशास्त्रकारांनींही हा भेद ओळखलेला होता. सुतक कोणास किती दिवसांचें, याचा काथ्याकूट त्यांनीं इतका केला आहे कीं आजच्या वाचकास त्याचा कंटाळा यावा. परंतु त्या काथ्याकुटांत दोन नियम असे सांपडतात कीं ते प्रस्तुत प्रश्नावर नेमका उजेड पाडतात. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, ज्याच्या राज्यांत आपण राहतों तो राजा वारला असतां प्रजेला जें अशौच असतें तें दिवसा वारल्यास दिवस मावळेपर्यंत आणि रात्रीं वारल्यास ती रात्र सरेपर्यंत. राजासारख्या राजाचें सुतक, पण तें एका सूर्याच्या किंवा एका रात्रीच्या चांदण्यांच्या मुदतीचें. त्याच अध्यायांत थोडें पुढें दुसरा नियम आहे: सिंहासनावर बसलेल्या राजाला अशौच नाहीं, तो तत्काळ शुद्ध समजावा. त्याचें कारणही तेथेंच दिलें आहे. तें आसन प्रजेच्या रक्षणासाठीं आहे, हें तें कारण. अन्य स्मृतींत अशीच सवलत वैद्यांस आणि कारागिरांस त्यांच्या त्यांच्या कामापुरती दिलेली आढळते. मनुस्मृतीचे अनेक नियम आज आम्हांस अमान्य आहेत, आणि ते अमान्य असणें योग्यच आहे. येथें आम्ही तिला प्रमाणग्रंथ म्हणून पुढें करीत नाहीं, एका जुन्या समाजाच्या अनुभवाची साक्ष म्हणून पुढें करतों. ज्या समाजानें शिवाशिवीच्या पायीं माणसामाणसांत भिंती घातल्या, त्या समाजालाही हें कळून चुकलें होतें कीं, दुसऱ्याच्या गरजेसाठीं मांडलेल्या आसनाला सुतक लागूं देतां येत नाहीं. आजच्या काळीं तें आसन सिंहासनाचें राहिलें नाहीं. तें मामलेदार कचेरीच्या खिडकीमागच्या लांकडी खुर्चीचें झालें आहे. पण त्याचें प्रयोजन तेंच आहे.

त्या खिडकीच्या अलीकडे कोण उभें असतें, तें पाहूं. कोणाला मुलाच्या शाळाप्रवेशासाठीं दाखला हवा असतो; कोणाला सातबाऱ्याचा उतारा, कोणाला शिधापत्रिकेवरील नांवाची दुरुस्ती, एखाद्या विधवेला नवऱ्याच्या निवृत्तिवेतनाचा कागद. आज पुष्कळ कामें घरबसल्या होऊं लागलीं आहेत हें खरें; परंतु जो माणूस अजूनही कचेरीच्या दाराशीं जातो तो बहुधा तोच असतो, ज्याला दुसरा मार्ग नाहीं. तो सकाळच्या पहिल्या एस्. टी.नें निघतो, त्या दिवसाची मजुरी बुडवितो, आणि दार बंद दिसलें म्हणजे परत फिरतो. याला आपल्या भाषेंत हेलपाटा असा फार बोलका शब्द आहे. हेलपाट्याची नोंद कोणत्याही दप्तरांत होत नाहीं. ज्याचा पगार महिन्याचा आहे त्याला दुखवट्याची सुटी पगारासकट मिळते. ज्याची मिळकत दिवसाची आहे त्याच्या पदरीं दुखवट्याचा खर्च येतो. म्हणजे श्रद्धांजलि एकानें वाहावयाची आणि तिचें मोल दुसऱ्यानें द्यावयाचें, अशी ही व्यवस्था झाली. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

कोणी म्हणेल, वर्षांत इतक्या सुट्या असतात, त्यांत एकीची भर पडली तर काय बिघडलें? बिघडतें तें असें. दिवाळीची सुटी पंचांगांत आधींपासून छापलेली असते. खेड्यांतला मनुष्य तीप्रमाणें आपली खेप ठरवितो. मृत्यु पंचांग पाहून येत नाहीं. डॉ. सिंग रात्रीं वारले आणि कर्नाटक व तेलंगण येथील सरकारांनीं लगेच दुसऱ्या दिवसाची सुटी जाहीर केली. अशा सुटीची वार्ता शहरांत रातोरात पोंचते; परंतु पहांटेच घराबाहेर पडलेल्या मनुष्यास ती बंद दारावरच कळण्याचा संभव अधिक. ज्या नेत्याविषयीं त्याच्या मनांत आदर उपजावा अशी इच्छा, त्याचें नांव त्याच्या मनांत एका फुकट गेलेल्या दिवसाशीं जोडलें जातें. हा मृताचा सन्मान खासच नव्हे.

येथें एक जुनी गोष्ट आठवते. १९०८ सालच्या जुलैंत लोकमान्य टिळकांस सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हां मुंबईच्या गिरणीकामगारांनीं सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. शिक्षेच्या एकेका वर्षाबद्दल एकेक दिवस. तो प्रसंग मृत्यूचा नव्हता, पण दुःखाचा होता, आणि त्या दुःखासाठीं कामें थांबलीं. फरक हा कीं, तेथें थांबणारानेंच किंमत मोजली. सहा दिवसांची मजुरी ज्यांनीं घालविली त्यांच्या घरीं दुसरें कांहीं सांठवलेलें नव्हतें, आणि वर गोळीबाराची भीति होती. म्हणूनच त्या सहा दिवसांचें स्मरण सव्वाशें वर्षें होत आलीं तरी टिकलें आहे. जो उपास आपण स्वतः करतों त्याला व्रत म्हणतात. जो दुसऱ्यास घडवितों त्याला व्रत हें नांव देतां येत नाहीं. हुकुमानें मिळालेल्या भरपगारी सुटींत शोक नसतोच असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या सुटीवरून शोक आहे कीं नाहीं याचा कांहींच बोध होत नाहीं, असें मात्र म्हणावेंच लागतें. त्या दिवशीं घरीं राहिलेल्यांपैकीं कोणी मृताचें चरित्र वाचलें असेल आणि कोणी राहिलेली धुणींभांडीं उरकलीं असतील. दोघांच्याही हजेरीपटावर शेरा एकच पडतो.

याहून अवघड प्रश्न न्यायाचा आहे. निक्सन यांनीं १९७४ सालच्या ऑगस्टांत अध्यक्षपद सोडलें तें वॉटरगेट प्रकरणांत महाभियोग समोर दिसूं लागल्यावर. वीस वर्षांनीं ते वारले तेव्हां त्यांच्यासाठींही कचेऱ्या मिटल्या, आणि कार्टर यांच्यासाठींही मिटल्या. चाल सर्वांस सारखी लावावयाची म्हटली कीं ती गुणाचें माप राहत नाहीं. अमक्या खुर्चीवर बसून गेला, एवढीच ती पोंच होते. बरें, निवड करावयाची म्हटली, तर निवड करणारें सरकार कोणत्या तरी पक्षाचेंच असणार. मग आपल्या पक्षाच्या माजी नेत्यासाठीं पुरा दिवस आणि परपक्षाच्या नेत्यासाठीं अर्धा, अशी मापें पडतात, आणि चितेवरही मतपेटीची सांवली येते. आपल्या देशांत तर मध्यवर्ती सरकारचा हुकूम एक आणि प्रांतोप्रांतींच्या सरकारांचे हुकूम निराळे, असा प्रकार पुनःपुन्हां दिसतो. अटलबिहारी वाजपेयी २०१८ सालच्या १६ ऑगस्टला वारले तेव्हां मध्यवर्ती कचेऱ्यांस दुसऱ्या दिवशीं अर्ध्या दिवसाची सुटी मिळाली, तर कित्येक प्रांतांत पुऱ्या दिवसाची. माणूस तोच, मृत्यु तोच. दुःखाची लांबी मात्र सरहद्द ओलांडतांच बदलली. सुटीनें शोक मोजूं गेलें म्हणजे हें असें व्हावयाचेंच.

अधिकारावर असतां मृत्यु येणें ही गोष्ट निराळी आहे, हें आम्हांस मान्य आहे. १९६४ सालच्या मे महिन्यांत पंडित नेहरू गेले, १९६६ सालच्या जानेवारींत ताश्कंदला लालबहादुर शास्त्री गेले, १९६३ सालच्या नोव्हेंबरांत अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी मारले गेले. त्या वेळीं खुर्चीच रिकामी झाली होती. राज्याचा गाडा कोणाच्या हातीं, हें ठरेपर्यंत लोकांचा श्वास अडकला होता, आणि त्या थांबण्यास अर्थ होता. आपल्या मध्यवर्ती सरकारनें १९९७ सालीं केलेल्या सूचनांतही सार्वजनिक सुटीपुरता हाच भेद धरलेला आहे: सुटी ती विद्यमान राष्ट्रपति किंवा पंतप्रधान यांच्या मृत्यूची. माजी नेत्याच्या मृत्यूनें खुर्ची रिकामी होत नाहीं. ती त्यानें स्वतः, लोकांचा कौल मान्य करून, केव्हांच मोकळी करून दिलेली असते. लोकशाहीचें खरें वैभव आम्हांस यांतच दिसतें. राजा मरेपर्यंत राजा असतो. लोकनेता मुदत संपतांच पुन्हां नागरिक होतो. त्याच्या जाण्यानें एकही कचेरी अडत नाहीं, हें त्याच्या कामाचें अपयश नसून तोच त्याच्या कामाचा पुरावा आहे. ब्रिटनमध्यें २०१३ सालीं मार्गारेट थॅचर यांचा अंत्यविधि मोठ्या इतमामानें झाला, पार्लमेंटच्या मनोऱ्यावरील घड्याळाचे टोले त्या वेळापुरते बंद ठेवले. पण देशाला सुटी दिली गेली नाहीं. टोले थांबले, कामें चालू राहिलीं. यांत मृताचा मान कोठें कमी झाला, तें आम्हांस दिसत नाहीं.

कार्टर यांच्याच चरित्राकडे पाहिलें तर ही गोष्ट अधिक उघड होते. १९८० सालच्या निवडणुकींत लोकांनीं त्यांना नाकारलें. अधिकार गेल्यावर ते आपल्या भुईमुगाच्या गांवीं, १९६१ सालीं बांधलेल्या साध्याच घरांत परत गेले आणि पुढें चाळीस वर्षांहून अधिक काळ काम करीत राहिले. महाराष्ट्राशींही त्यांच्या घराण्याचा ऋणानुबंध आहे. त्यांच्या मातोश्री लिलियन या १९६६ सालीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, स्वयंसेविका होऊन मुंबईनजीक विक्रोळीस आल्या आणि तेथें त्यांनीं रुग्णांची शुश्रूषा केली. स्वतः कार्टर २००६ सालच्या ऑक्टोबरांत सपत्नीक लोणावळ्याजवळच्या पाटण गांवीं आले, आणि गरिबांसाठीं शंभर घरें उभारण्याच्या कामीं वयाच्या ८२ व्या वर्षीं त्यांनीं हातीं हातोडा धरला. विहिरीच्या पाण्यांतून होणारा नारू आपल्या जुन्या पिढीला चांगला ठाऊक होता. भारत २००० सालीं त्या रोगापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. जगांतून तो नाहींसा करण्याच्या कामांत कार्टर यांच्या संस्थेनें १९८६ सालापासून पुढाकार घेतला. तेव्हां वर्षाला सुमारें ३५ लाख माणसांस नारू होई. २०२३ सालीं जगांत अवघे १४ रुग्ण नोंदले गेले. अशा मनुष्याच्या स्मरणार्थ हातांतलें काम खालीं ठेवावें कीं एक काम अधिक उचलावें?

डॉ. सिंग यांचेंही तसेंच. ते पंतप्रधान असतां २००५ सालीं माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. अर्ज आल्यापासून सामान्यतः तीस दिवसांत कचेरीनें नागरिकास माहिती दिली पाहिजे, असें बंधन त्यानें घातलें. कचेरीचें दार लोकांस उघडें असावें, हाच त्या कायद्याचा अर्थ. त्या कायद्याशीं ज्याचें नांव जोडलेलें आहे त्याचा गौरव तेंच दार मिटून करणें, यांत विसंगति आहे.

मग करावें तरी काय? त्याचें उत्तर आपल्याच देशांत, आपल्या डोळ्यांसमोर आहे. गांधीजींची जयंती हा सुटीचा दिवस आहे. त्यांची पुण्यतिथि, ३० जानेवारी, हा मात्र कामाचा दिवस आहे. त्या दिवशीं सकाळीं अकरा वाजतां दोन मिनिटें जेथल्या तेथें उभें राहावयाचें, आणि मग पुन्हां कामास लागावयाचें. ज्याच्याहून मोठा शोक स्वतंत्र भारतानें पाहिला नाहीं, त्याच्या मृत्युदिनासाठीं राष्ट्रानें ही रीत पसंत केली आहे. तिच्यांत शेजारधर्माचे दोन्ही अर्धे आहेत: क्षणभर चूल न पेटविणें आणि मग ती दुसऱ्यासाठीं पेटविणें. शिवाय तिच्यांत आणखी एक गुण आहे, तो सुटींत नाहीं. कचेरी उघडी असतां ते दोन क्षण आले, तर खिडकीच्या पलीकडचा कारकून आणि अलीकडचा खेडूत एकाच वेळीं, समोरासमोर, उभे राहतात. कोणी साहेब नाहीं, कोणी अर्जदार नाहीं. एका राष्ट्राचे दोन नागरिक आपल्या एका मृतासाठीं स्तब्ध आहेत. कचेरी बंद ठेवली तर एक आपल्या घरीं असतो आणि दुसरा बंद दाराबाहेर. शोकानें माणसें जवळ यावयाचीं, तीं अशानें दुरावतात.

तेव्हां निशाण उतरावें, सरकारी मेजवान्या बंद व्हाव्या, अंत्ययात्रा सन्मानानें निघावी, आणि चितेला अग्नि देण्याच्या वेळीं देशभर कामें कांहीं क्षण थांबावीं. ज्या कर्मचाऱ्यास अंत्यदर्शनास जावयाचें असेल त्याला मोकळीक मिळावी. तिचें मोल त्यानें आपल्या रजेंतून द्यावें, म्हणजे ती त्याची स्वतःची श्रद्धांजलि होईल. आणि एखाद्या कचेरीला याहून अधिक कांहीं करावेंसें वाटलें, तर त्या दिवशीं तिनें दार एक तास उशिरां लावावें आणि बरेच दिवस खोळंबलेलें कोणा गरिबाचें एखादें प्रकरण हातावेगळें करावें. त्या कागदावर मृताचें नांव कोठेंही येणार नाहीं. पण ज्याचें काम झालें तो घरीं जाऊन काय सांगेल, याची कल्पना आमच्या वाचकांस करतां येईल.

खरें दुःख हुकुमाची वाट पाहत नाहीं. १९४८ सालच्या जानेवारींतील त्या संध्याकाळीं दुकानें मिटा असें कोणास सांगावें लागलें नाहीं. हुकूम लागतो तो जेथें दुःख पुरेसें नाहीं तेथें, आणि तेथें हुकुमानेंही तें पुरेसें होत नाहीं. सरकारनें लोकांच्या शोकाची जागा आपण घेऊं नये. लोक शोक करीत असतील तेव्हां त्यांच्या घरीं उपास घडणार नाहीं एवढें पाहावें. शेजाऱ्याचें काम तेंच आहे.